जेस टार्केटला मराठीत कुणी आणलं

"बाबा, खाली बसा. बसा म्हणते ना. किती वेळा तेच तेच."

मंजिरी एवढ्या जोरात ओरडली की रुमैथियातल्या त्या तळघरातला एसीसुद्धा घाबरून गप्प झाला. म्हणजे झाला नाही. कुवेतमध्ये एसी कुणाच्या बापाला घाबरत नाही. हे मी वाढवून सांगितलं — सवय आहे, एका रात्रीत कशी जाईल? पण ओरडली हे खरं. आणि तिचे वडील, शेवडे काका, मधल्या रांगेत पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले, हेही खरं. समोर मी, हातात माइक. आमच्या मराठी मंडळाचे सगळे लोक आधी त्यांच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे — आता सुहासदादा काय बोलतो म्हणून.

मी काय बोललो ते सगळ्यांनी ऐकलं. ते काय होतं, हे मात्र आजवर कुणालाच ठाऊक नाही. बायकोला नाही, मंजिरीला नाही, देवापुढे बसूनसुद्धा मी ते मनातल्या मनात कधी म्हटलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही उलटून काही विचारणार नाही, म्हणून असेल.

थांबा. आधी जेसबद्दल सांगायला हवं. — वेळ काढतोय का मी? काढतोय. पण जेसशिवाय यातलं काहीच कळणार नाही.

जेस टार्केट म्हणजे घोड्यावरचा, टोपीवाला, पिस्तूलवाला. पहिल्यांदा आला तो काळ्यापांढऱ्या सिनेमात. हडकुळा, अर्धा चेहरा कायम टोपीच्या सावलीत, आणि अख्ख्या सिनेमात जेमतेम चार वाक्यं. गावात यायचा, काम करायचा, पाणीही न मागता निघून जायचा. मग त्याला टीव्हीवाल्यांनी पकडला. खाऊपिऊ घातलं असावं, कारण गालच आले त्याला. सदरा इस्त्रीचा. गोळी मारली तर गुंडाची फक्त टोपी उडायची, आणि भाग संपताना हा मुलांना दात घासायला सांगायचा. पुढे कॉमिक्समध्ये छाती दरवाज्याएवढी झाली. एका गोळीत तीन दरोडेखोर, ती गोळीसुद्धा खडकावर आपटून वळून आलेली.

आणि तिथून तो मराठीत आला. आमच्या लहानपणी, दर महिन्याला, बसस्टँडवरच्या स्टॉलवर. मराठीत त्याचा घोडा झाला सावळ्या. शेरीफ झाला फौजदार. आणि मुलांच्या हातात अंक जातात म्हणून गुत्त्यात शिरून दोन्ही कोपरं टेबलावर टेकून जेस मागवायचा — ताक. चित्रात बाटली, शब्दांत ताक. आम्ही पोरं दुपारी ताकाचा पेला हातात घेऊन डोळे बारीक करून एकमेकांकडे बघायचो. आमच्या वयाच्या कुठल्याही माणसाला आज विचारा, तो हसेल आणि म्हणेल, ताकवाला जेस.

आता नवी मालिका आली आहे. त्यात जेस म्हातारा आहे, खोकतो, हात थरथरतो. आणि त्यात असं निघतं की ज्या समोरासमोरच्या झुंजीमुळे त्याचं नाव झालं, ती कधी झालीच नव्हती. एका पत्रकारानं रचलेली. जेसनं समोरच्या गुंडाला खरं तर पाठीत गोळी घातली होती. इथली आमची मुलं ती मालिका बघतात आणि जेसला कॉवर्ड म्हणतात.

त्या शुक्रवारी मंडळात माझं भाषण होतं ते यावरच. जेसची बदलती रूपं. भाषण मलाच का दिलं? कारण जेसला मराठीत मी आणलं होतं.

असं सगळ्यांना वाटत होतं.

मी पहिल्यांदा कुवेतला आलो तेव्हा जलीबमध्ये एका खोलीत आम्ही सहाजण राहायचो. माझ्या बॅगेत चटणीच्या डब्याखाली जेसचे दोनतीन जुने अंक होते, कोपरे झिजलेले. शुक्रवारी दुपारी सगळे ते वाचायचे. लातूरचा एकजण होता, त्यानं एकदा पडल्या पडल्या विचारलं, हे मराठीत कुणी केलं रे, नावच नाही कुठे. आणि मी म्हटलं, मी.

एवढंच. सगळे हसले. मीही हसलो. त्या खोलीत मी रोज काही ना काही फेकायचोच. मी एकदा शेख लोकांचा बहिरी ससाणा शिट्टी मारून खाली उतरवला होता हेही त्यांनी ऐकलेलं होतं. पण ससाण्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, आणि यावर ठेवला. पुढच्या आठवड्यात त्यानं मला कुणाशी तरी ओळख करून देताना सांगितलं, हे लेखक आहेत. मी गप्प बसलो. गप्प बसायला काय लागतं?

मग थाप वाढली, वाढवली. साताऱ्यातला छापखाना आला, रॉकेलचा कंदील आला. सोळाव्या वर्षी लिहायचो म्हणालो, कारण वयाचा हिशेब कुठेतरी बसवायला हवा होता, आणि तो बसत नव्हता, तरी कुणी तो करून पाहिला नाही. ताकासाठी मी एक आत्या जन्माला घातली. ती ताक घुसळत होती, मी समोर बसून अडलो होतो, दारूच्या जागी काय लिहू, आणि आत्यानं रवी न थांबवता पेला पुढे केला. काय सांगू, लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला आत्या नाही. लग्न ठरताना बायकोच्या घरी मी पंपदुरुस्तीत काम करतो हे कुणाला आवडलं नव्हतं; जेसमुळे आवडलं. माझ्या सासऱ्यांच्या श्रद्धांजलीत सुद्धा जावई लेखक असा उल्लेख झाला. आता परत कसं फिरायचं होतं? फिरायचंच नव्हतं, खरं तर.

शेवडे काका नाशिकला इंग्रजीचे मास्तर होते. पत्नी गेल्यावर मंजिरीकडे राहायला आले. मंजिरी बँकेत हिशेबाच्या कामात, नवरा साइटवर; दुपारभर घरात हे आणि नात इरा. इरा बोलते इंग्रजीत, काका बोलतात मराठीत, दोघांचं जमेना. मग इरानं ती नवी मालिका लावली, आणि काका म्हणाले, ह्याला मी ओळखतो. हे मला मंजिरीनंच नंतर सांगितलं. त्या दिवसापासून आजोबा-नात रोज एकत्र बसायला लागले.

शाळेच्या नोकरीत बाहेरचं काम करायला बंदी होती, म्हणून जेसला मराठीत आणायचं काम त्यांनी लपून केलं होतं — हेही मंजिरीकडूनच कळलं, ते घरी सांगायचे ते. मास्तरांनी घोडेवाल्यांच्या गोष्टी लिहायच्या म्हणजे लाजही होतीच. घरात फक्त बायकोला माहीत. ती गेली, प्रकाशकही कधीच गेले. मुलीला कधी सांगितलंच नव्हतं. म्हणजे बघा, जगात ते सिद्ध करू शकेल असं एकही माणूस उरलं नव्हतं.

एक होतं. त्याच्या हातात माइक होता.

भाषण झालं, टाळ्या झाल्या, आत्याचा किस्साही झाला. मग काका उठले. बोलण्याची सवय गेलेल्या माणसासारखे हळू बोलत होते. म्हणाले, "मला थोडं सांगायचंय. हे अंक मराठीत मी केले." कुणी हसलं. ते म्हणाले, "ताक माझं नाही. मी सरबत लिहिलं होतं. प्रकाशक म्हणाले, सरबत पाहुण्यांना देतात, ताक करा."

एवढंच. कंदील नाही, आत्या नाही. खरी गोष्ट किती फिकी असते हो? माझ्या आत्यापुढे ती बिचारी उभीच राहू शकली नाही. मी माइकवर म्हटलं, "काका, आमच्या आत्याला हे कळू देऊ नका." सगळं तळघर हसलं. इराही हसली. काका बसले असते तर विषय तिथेच संपला असता.

ते बसले नाहीत. इराकडे बघून, जणू फक्त तिलाच सांगताहेत असे, त्यांनी सुरुवात केली. एका महिन्यात परदेशातून नुसती चित्रं आली, मजकूर आलाच नाही. अंक तर काढायचा होता. शेवटच्या पानावर जेस टोपीतलं पाणी जमिनीवर ओतताना दिसत होता. "का ओततोय मला माहीत नव्हतं. तोंड धुतलं असेल. मी लिहिलं की खाली त्याचा मित्र पुरलाय, आणि मित्र तहानेनं गेला होता."

आता मी तुम्हाला कसं सांगू. तो अंक माझ्याकडे होता. जलीबच्या खोलीत जे दोनतीन होते त्यातलाच. लहानपणी त्या पानावर मी रडलो होतो — हे वाढवून नाही सांगत. आणि त्यात काहीतरी जुळत नाही हे मला तेव्हाही जाणवायचं. चित्रात जेसच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतंच. मित्राचं थडगं नव्हतं. थडग्यावर काही खूण नको का? बाकी सगळ्या अंकांत मित्र जिवंत, पुढच्या अंकातही जिवंत. ती गाठ इतकी वर्षं माझ्या डोक्यात होती, आणि एका मास्तरानं दोन वाक्यांत ती सोडवली. ज्यानं ते पान लिहिलं तो माझ्यासमोर उभा होता.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. शंकेला जागाच नव्हती. हे नीट ऐकून ठेवा, कारण पुढचं जे आहे ते मी न कळून केलेलं नाही.

तेव्हाच मंजिरी ओरडली, बसा म्हणून. लाजेनं तिचा चेहरा लाल झाला होता. आणि मी आवाज मऊ केला — मला तो करता येतो, किस्से सांगणाऱ्याला येतोच — आणि म्हटलं, "अगं, रागावू नकोस त्यांच्यावर. काका, हा पाण्याचा किस्सा मी मागच्या वर्षी याच हॉलमध्ये सांगितला होता. मंजिरीनं तुम्हाला सांगितला असेल. आवडला की तो आपलाच वाटायला लागतो. होतं असं."

मी तो कधीच सांगितला नव्हता. मला तो तोपर्यंत ठाऊकच नव्हता.

आणि लोक काय म्हणाले? मागून एकजण म्हणाला, हो, सांगितला होता. दुसरा म्हणाला, गणपतीत ना? एक वहिनी तर म्हणाल्या, मी तेव्हा रडले होते. खोटं बोलत नव्हती ती माणसं. मी इतक्या वर्षांत इतकं सांगितलं होतं की त्यांना सगळंच ऐकल्यासारखं आठवत होतं. मीच तयार केलेली माणसं ती.

काका माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता भांडतील. मनात मी पुढचं वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं. ते भांडले नाहीत. त्यांनी मंजिरीला विचारलं, "तू सांगितलं होतंस का मला?" ती म्हणाली, "असेल बाबा, आठवत नाही." ते म्हणाले, "मग असेल." आणि खुर्चीचा अंदाज घेत, हळूच बसले. इरा दुसऱ्या मुलांमध्ये जाऊन बसली होती.

हे सगळं सांगितलं ना? मग संपायला हवं होतं. नाही संपलं. खरी गोष्ट अजून पुढेच आहे, आणि मी तिच्याभोवती फिरतोय हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

रविवारी मी शुवैखला वर्कशॉपमध्ये होतो. एक पंप उघडलेला, हात तेलात. मंजिरीचा फोन आला. आधी तिनं माफी मागितली — माझी. वडिलांमुळे माझ्या कार्यक्रमाचा विचका झाला म्हणून. मग आवाज खाली गेला. म्हणाली, "दादा, हे त्यांचं इथे आल्यावरच सुरू झालंय. आधी कधीच काही बोलले नव्हते. परवापासून तर सारखं विचारताहेत, मी खरंच लिहिलं होतं ना. मला भीती वाटते. डॉक्टरांना दाखवू का? की माझंच काही चुकतंय?"

बघा, दार किती उघडं होतं. मंडळ नाही, माइक नाही, टाळ्या नाहीत. एकटी बाई फोनवर आणि मी. एक वाक्य पुरलं असतं. अगदी निम्मं सांगितलं असतं तरी चाललं असतं — थांब जरा, कदाचित ते खरं बोलत असतील. एवढं म्हणायला धैर्यही लागत नव्हतं. मी म्हटलं असतं तर कुणी मला पाठीत गोळीही घातली नसती.

मी म्हटलं, "दाखवून घे. अशा गोष्टी लवकर कळलेल्या बऱ्या. माझ्या आत्याचंही असंच सुरू झालं होतं."

आत्या. त्याही वेळी मला आत्या आठवली.

डॉक्टरांनी, त्यांना जे सांगितलं गेलं त्यावरून औषध दिलं. त्यांना दोष कशाला देऊ? मुलीनं लक्षण म्हणून जे सांगितलं, ते मी पुरवलेलं होतं.

का केलं असं विचाराल. कारण सांगता येतं मला. कुठल्याही गोष्टीचं सांगता येतं, मसाला लावून. म्हणूनच सांगत नाही. शेवडे काकांना मी त्यानंतर भेटलो नाही. भेटायला न जाण्याइतकं त्यांचं घर लांब नाही, एक सिग्नल आहे मध्ये.

परवा मंजिरी भाजीच्या दुकानात दिसली. मेथी निवडून निवडून घेत होती. टाळता आलं नाही. मी विचारलं, काका कसे आहेत.

ती म्हणाली, "बरे आहेत आता. ते कॉमिक्सचं काही काढत नाहीत. गोळ्या लागू पडल्या."