मोडलेल्या सुईची चिठ्ठी

दातांची डॉक्टर होऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. राहुरीच्या दवाखान्यात पाथर्डीकडच्या एक ऊसतोडणीवाल्या मावशी गाल धरून आल्या. रूट कॅनल करताना नस साफ करायची केसाएवढी सुई त्यांच्या दाढेत मोडली. एक्स-रेमध्ये तुकडा मुळाच्या टोकाशी लख्ख दिसत होता. काढायला जावं तर मूळच फुटायची भीती.

मनात आलं, चार दिवसांत यांची टोळी दुसऱ्या कारखान्यावर जाईल, कुणाला कळणार आहे? त्या विचाराची मला आजही चीड येते. मी दवाखान्याच्या मोठ्या मॅडमना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, “मला काय सांगतेस? दाढ त्यांची आहे.”

मग मावशींना सगळं सांगितलं. तुकडा आतच राहील, बहुधा त्रास होणार नाही, झालाच तर लगेच दाखवा.

मावशींनी एक्स-रेमधल्या तुकड्यावर बोट ठेवलं. “मग लिहून द्या की. म्होरच्या गावच्या डाक्टरला मी काय सांगनार?”

‘सुई माझ्या हातून मोडली’ असं लिहून मी खाली सही केली.

पुढच्या हंगामात त्या नवऱ्याला घेऊन आल्या. मावशींची दाढ शाबूत होती. रेशनकार्डाच्या प्लास्टिकमधून त्यांनी माझी चिठ्ठी काढली. गावोगावचे उसाचे फड फिरूनही तिला साधा डाग नव्हता. माझी चूक या बाईनं इतकी जपली होती!

नवरा खुर्चीकडे बघून कचरत होता. मावशी म्हणाल्या, “अवो, हिच्याकडंच बसा. चुकलं तर ही सांगती.”