रेकॉर्डिंगमधली रिकामी जागा

थोरली बहीण रेडिओवर निवेदिका होती, धाकटी दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची. पण दोघींचा आवाज इतका सारखा, की घरी फोन केला तर सख्खी आईसुद्धा आधी विचारायची, "कोण बोलतेयस, थोरली की धाकटी?" थोरली गेली, तरी तिनं वाचलेल्या कथा रेडिओ केंद्र रोज दुपारी लावायचं. धाकटी त्या आपल्या नव्या डिजिटल रेडिओवर रेकॉर्ड करून ठेवायची. भाजी निवडताना लावल्या, की ताई स्वयंपाकघरातच बसलीय असं वाटायचं.

त्या वर्षी एक कायदा येऊ घातला. टीव्ही-रेडिओच्या प्रसारणात एक अदृश्य खूण घालायची. ती असली की कुठल्याही यंत्रानं त्याची नक्कल करायची नाही. मसुद्यावर खल चालू असतानाच केंद्रानं दुपारच्या कथांवर त्या खुणेची चाचणी सुरू केली. धाकटीनं त्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. आधीचं संगीत होतं, नंतरच्या बातम्या होत्या. मधे ताईच्या जागी नुसती शांतता.

लोकांचं म्हणणं ऐकायला समिती बसली, तेव्हा ती पदर सावरत उभी राहिली. "मला काही विकायचं नाहीये हो. बहिणीचा आवाज घरात राहू द्या, एवढंच म्हणणं आहे."

"तुमची अडचण आम्ही नोंदवून घेतो," अध्यक्ष म्हणाले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिनं सुनावणीचं रेकॉर्डिंग पाहिलं होतं. "आई, तुझे ओठ हलतायत, पण आवाजच नाही. बाकी सगळ्यांचा नीट येतोय."

"माइक बंद असेल गं."

"मग अध्यक्षांनी तुला उत्तर कसं दिलं?"

धाकटीनं फोन ठेवला. तिनं मोबाइलवर निरोप रेकॉर्ड करून लेकीला पाठवला. रिकामा पोचला. दुसराही रिकामाच. शेजारणीला बोलायला लावलं, तर तिचा आवाज खणखणीत उमटला.

शेवटी तिनं केंद्रातल्या इंजिनिअरला फोन लावला. सगळं ऐकून तो हसला. "अहो बाई, खूण प्रसारणात असते. माणसाच्या गळ्यात कुठून येणार?"

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. आता हसणं नव्हतं. "इथले सगळे फोन रेकॉर्ड होतात. कालचं आपलं बोलणं मी परत ऐकलं. त्यात मी एकटाच बोलतोय."

त्यानंतर ती घरात उगाचच मोठ्यानं बोलू लागली. भिंतीशी, कुकरशी, कुंडीतल्या रोपांशी. आपला आवाज निदान आपल्याला तरी येतोय ना, हे बघायला.

पुढे मसुदा बारगळला आणि चाचणी थांबली. ताईच्या कथा पुन्हा रेकॉर्ड होऊ लागल्या, धाकटीचे निरोपही पोचू लागले. जे रिकामं राहिलं होतं, ते मात्र रिकामंच राहिलं. असं का झालं, ते इंजिनिअरला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. चाचणीच्या दिवसांत हुकलेल्या कथा तेवढ्या त्यानं केंद्रातून स्वतः घरी आणून दिल्या, आणि दारातूनच घाईघाईनं परत गेला.

लेकीचा यंत्रावरचा विश्वास उडाला तो उडालाच. आता दर रविवारी ती येते, आईसमोर बसते आणि म्हणते, "बोल."

"काय बोलू?"

"काहीही बोल गं. फक्त थांबू नकोस."