आक्का पुण्यात गायली तेव्हा

आमच्या दूध संस्थेचं बायकांचं भजनी मंडळ होतं, असं सांगितलं की आता लोक हसतात. संस्थेचा कारभार सगळा पुरुषांकडं. पण सभेला, वर्धापनदिनाला कुणीतरी गायला पाहिजे, म्हणून चेअरमननं बायकांचं मंडळ काढलं आणि टाळ-मृदंग संस्थेच्या खर्चानं आणून दिले. आम्ही सहा जणी होतो. पुढं म्हणायला माझी थोरली जाऊ. तिला मी आक्का म्हणायची.

आक्काचं माहेर चकलांब्याच्या बाजूचं. बाप मेंढरं राखायचा आणि लेक त्याच्या मागं रानोमाळ हिंडायची. उघड्या माळावर हाका मारून मारून तिचा गळा तयार झाला होता. गाणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. गाताना ती डोळे मिटायची नाही, समोरच्याकडं सरळ बघायची. पुरुषमाणसं त्या बघण्याला जरा बिचकत. मी टाळ धरायची आणि तिच्या मागं ओळ ओढायची. लग्न होऊन आले तेव्हा मला या घरात पहिल्यांदा आवडलेली गोष्ट म्हणजे तो आवाज.

दुष्काळाचं ते दुसरं साल होतं. नगरच्या पलीकडच्या आमच्या शिरूर भागाला दुष्काळ नवा नाही, पण त्या वर्षी म्हशीसुद्धा छावणीत नेऊन बांधाव्या लागल्या. चाऱ्याविना दूध आटलं, आणि संस्थेत दूध न्यायला येणारी गाडी एक दिवसाआड यायला लागली. गावच्या विहिरीचा तळ दिसत होता. सरकारी टँकर यायचा आणि पाइप सोडून त्या विहिरीतच पाणी ओतायचा. मग कठड्याभोवती सगळ्या बायापोरी दोर टाकून उभ्या. ज्याची कळशी आधी बुडेल त्याचं पाणी. ते पाणी लाल, गाळाचं असायचं. तुरटी फिरवून ठेवायचं.

त्याच दिवसांत पुण्याकडची काही माणसं गाव बघायला आली. दुष्काळासाठी काहीतरी करायचं त्यांच्या मनात होतं. त्यांच्यात एक कॅमेरावाला होता. त्यानं आक्काच्या लेकीला, माझ्या पुतणीला, विहिरीच्या कठड्यावर उभं केलं. ती नववीत होती. हातात दोर, पायाशी घागर. "इकडं बघ," तो म्हणाला. तिला लाजून हसू फुटलं. "हसू नको बाळ, जरा गंभीर हो." तिनं गाल आत ओढले, ओठ दाबून धरले. मी शेजारीच होते. फोटो झाल्याबरोबर ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून खदखदून हसली.

पुढं काही आठवड्यांनी त्याच कठड्यावरून ती गेली.

टँकर रिता होत होता. गर्दी रेटत होती. कुणाचा तरी दोर तिच्या दोरात अडकला, तिनं तो सोडवायला म्हणून वाकून झटका दिला, आणि मागून रेटा आला. कुणी मुद्दाम ढकललं नाही. खाली पाणी कमरेएवढंही नव्हतं, खडक होता. बाजेला दोर बांधून तिला वर काढलं. त्या दिवशी विहिरीवर कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले सगळे, कारण दुसरं पाणी कुठं होतं? तिसऱ्या दिवशी आक्काही गेली. तिनंही दोर टाकला. बाया बाजूला सरकल्या आणि तिला पहिल्यांदा भरू दिलं, तेवढंच.

मंडळ बंद पडलं. टाळ संस्थेच्या कपाटात गेले.

गुढीपाडवा होऊन गेल्यावर चेअरमन घरी आले. गाव बघून गेलेल्या त्या माणसांनी पुण्यात एक मोठा कार्यक्रम ठेवला होता, दुष्काळासाठी. शास्त्रीय गाणं, बासरी, गझल, गिटारवाली पोरं, सगळे एकाच संध्याकाळी आणि फुकट गाणार. लोक तिकीट काढून येणार. जमेल त्यातून आमच्या गावाला टँकर.

"तिथं आपल्या भागातलं कुणी पायजे म्हणतेत, वहिनी," चेअरमन म्हणाले. "एक अभंग. दहा मिनटं."

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं दादा."

"तुमच्या एकटीच्या दारात टँकर न्हाई यायचा. गावात यायचाय."

आक्का म्हणाली, "येते. पर माझ्या पोरीचं कुणी तिथं बोलायचं न्हाई. तुमी सुदिक न्हाई."

"कावून बोलतो मी? गळ्याची आन," चेअरमन म्हणाले, आणि त्यांनी खरंच गळ्याला हात लावला.

संस्थेच्या दुधाच्या टेम्पोतून आम्ही पुण्याला गेलो. कॅन काढून सतरंजी टाकली होती, तरी आंबूस वास होताच. नगरला चहा प्यायलो. वाटेत एकदा आक्कानं तोंडातल्या तोंडात सूर लावून बघितला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. आवाज होता.

नाट्यगृह भलं मोठं. मागच्या बाजूला एका खोलीत सगळे गाणारे एकत्र. एका कोपऱ्यात तानपुरे लावणं चाललेलं, दुसऱ्यात पोरं तारांचं भेंडोळं सोडवत होती. बासरीवाले एक म्हातारे गृहस्थ थर्मासमधलं गरम पाणी पीत बसले होते. त्यांनी न बोलता झाकणात ओतून आक्कापुढं धरलं. ती दोन्ही हातांनी घेऊन प्यायली. व्यवस्था बघणाऱ्या बाई आल्या, आमच्याकडं खालीवर बघून म्हणाल्या, "रोजचंच काही नेसला असतात तर बरं होतं."

"येकच चांगलं व्हतं, तेच नेसून आलोय," आक्का म्हणाली. बाई ओशाळल्या.

शास्त्रीय गाणं झालं, बासरी झाली. आम्हाला स्टेजवर नेलं तेव्हा उजेड असा डोळ्यांवर होता, की समोर माणसं आहेत हे नुसतं खोकल्यावरून कळत होतं. आमच्या मागं भिंतभर पांढरा पडदा होता. आक्का मध्ये उभी राहिली, मी डाव्या टोकाला जरा तिरकी, कारण मला मृदंगवालीचा हात बघावा लागायचा.

आक्कानं सुरुवात केली. तिला समोरचं कुणी दिसत नव्हतं, तरी ती सवयीनं सरळ बघत होती. पहिल्या ओळीतच मला कळलं, की ती आज नीट गाणार आहे. इतक्या महिन्यांचं सगळं त्या आवाजात आलं होतं, पण तो कुठं फाटत नव्हता. मलाच रडू येत होतं आणि टाळ चुकायची भीती वाटत होती.

मागं पडद्यावर फोटो बदलत होते. भेगाळलेली जमीन, छावणीतली जनावरं. मग कडव्याच्या मधोमध समोरच्या अंधारातून एकदम 'च्च' असा आवाज आला. मी मान वळवली. पडद्यावर माझी पुतणी उभी होती.

दोन पुरुष उंचीची. हातात दोर, पायाशी घागर, ओठ दाबलेले. लोकांना ते दुःख वाटत होतं. ती हसू दाबत होती, हे त्या अख्ख्या सभागृहात मला एकटीला माहीत होतं. आणि तिच्या पायाशी, पाठ करून, तिची आई गात होती. तो फोटो तिथं बराच वेळ ठेवला होता.

मी टाळ थांबवले नाहीत. कडवं संपू दे, फोटो जाऊ दे, एवढंच मनात घोकत राहिले. पण अभंग संपला, टाळ्या पडल्या, आणि बाहेर निघायला म्हणून आक्का वळली.

ती तशीच थांबली. पडदा पांढरा झाला तरी तिथंच बघत राहिली.

"परत लावा," ती म्हणाली. माइक तिच्या पुढ्यातच होता, ते सगळ्यांना ऐकू गेलं. सूत्रसंचालक घाईनं आला. "काय म्हणता मावशी?"

"ती पोरगी. परत लावा."

त्याला काही कळेना. गिटारवाली पोरं बाजूला येऊन उभी राहिली होती. मी आक्काचा दंड धरला. तो दगडासारखा झाला होता. तेवढ्यात पहिल्या रांगेतून चेअरमन उठले, स्टेजवर चढले आणि त्यांनी माइक घेतला.

"ही मुलगी या माउलीची लेक," ते म्हणाले. "पाण्यापायी गेली ती. त्याच विहिरीत."

त्यांचा आवाज खरंच भरून आला होता, हे मी आजही नाकारत नाही. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. आक्का त्या टाळ्यांत उभी होती आणि चेअरमनकडं बघत होती. ते मात्र समोर बघत होते. फोटो काही परत लागला नाही.

आम्ही मागच्या खोलीत येऊन बसलो. भिंतीपलीकडं पोरांचं गाणं सुरू झालं, खुर्च्यांचे पाय थरथरत होते. एका मुलीनं चहा आणला. आक्कानं तिला विचारलं, "त्यो फोटू मिळंल का? आमच्याकडं तिचा शाळेतला हाय, पर त्यो ल्हानपणीचा हाय."

"पाठवायला सांगते मावशी," ती म्हणाली. तिनं गावाचा पत्ताही घेतला.

परतताना चेअरमन टेम्पोपाशी आले. "वहिनी, ऱ्हावलं न्हाई वो मला."

आक्का म्हणाली, "चला आता. लई लांब जायचंय."

टँकर आले. आठवडाभरातच आले आणि आषाढापर्यंत येत राहिले. पुण्याची माणसं शब्दाला जागली. सरकारी टँकरसारखं विहिरीत न ओतता ते नळीनं रांगेत पाणी द्यायचे. पहिल्या दिवशी टँकर वळणावर दिसला तेव्हा बायांनी आधी आक्काकडं बघितलं. टँकरच्या दोन्ही अंगांना फ्लेक्स बांधला होता. वर पुण्याच्या त्या लोकांच्या संस्थेचं नाव, खाली 'एक थेंब मायेचा' असं काहीतरी, आणि मध्ये ती. दोर, घागर, दाबलेले ओठ.

आक्का रांगेत होती. मी ड्रायव्हरकडं गेले आणि म्हणाले, "हे काढा." तो बिचारा घाबरला. म्हणाला, "ताई, फ्लेक्ससकट फोटो काढून पुण्याला पाठवावा लागतो. न्हाई तर दुसरी खेप देत न्हाईत."

"ऱ्हाऊ दे," आक्का मागून म्हणाली. "त्याला कशाला बोलती? भर तू."

तिनं तिच्या घागरी भरल्या. भरताना ती वर बघत होती की नाही, ते मी बघितलं नाही. पण त्या दिवसापासून पाण्याला ती स्वतःच यायची, भावजींना, तिच्या नवऱ्याला, येऊ द्यायची नाही. टँकर यायच्या आधीच येऊन उभी राहायची आणि तो वळणाआड गेल्यावरच घागर उचलायची. टपालानं फोटो कधी आला नाही.

त्या पावसाळ्यात बऱ्यापैकी पाऊस झाला. छावणीतून म्हशी परत आल्या, संस्थेत दुधाची गाडी पुन्हा रोज यायला लागली. चेअरमननी टाळ कपाटातून काढून आमच्या घरी पाठवून दिले. आक्कानं ते माझ्या हातात दिले. त्या दिवाळीनंतर ती आणि भावजी कारखान्यावर ऊस तोडायला गेले. आमच्या घरातून आजवर कुणी कोयता घेऊन गेलेलं नव्हतं, आणि त्या साली जायची गरजही नव्हती. मी अडवायला बघितलं.

"आक्का, कावून जाता? रानात पीक हाय यंदा."

"तिकडं मला कुणी वळखत न्हाई," ती म्हणाली, आणि ट्रकमध्ये चढायला तिनं माझ्याकडं हात पुढं केला. मी तिला वर चढवलं.