निळूला माती दिली ती दुपार

असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी. तलासरीच्या एका शाळेत सायन्स लॅबमध्ये काम करतो. जे तपासता येत नाही ते नसतंच, असं मुलांनाही ठासून सांगायचो. तरी २०१७ च्या फेब्रुवारीतली ही गोष्ट लिहितोय... कारण तेव्हा मी एकटा नव्हतो. आत्याही होती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. डहाणूला समुद्राला लागून तिचं घर. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मी तिच्याकडेच राहतो. ती बोंबील सुकवून विकते. घरासमोर बांबूच्या वलांड्या, त्यांवर बोंबलांच्या रांगा, आणि दिवसभर काठी घेऊन कावळे-घारींशी तिची लढाई. ओटीवर पिंजरा – त्यात निळू, बाजारातून आणलेला लव्हबर्ड. आत्या पाखरांवर ओरडली की तोही आतून ओरडायचा.

त्या सकाळी निळू पिंजऱ्यात निपचित पडलेला. जखम नाही, काही नाही. आदल्या रविवारी पिंजऱ्याला ऑइलपेंट मीच लावला होता. बुटाच्या खोक्यात घालून त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट उघडून तपासलं.

"रंगाने गेला का हो?"

"तसं काही दिसत नाही. चांगला धडधाकट होता. कशाने गेला, मला खरंच सांगता येत नाही."

दुपारी वलांडीजवळ वाळूत खड्डा केला. आत्याने निळूला ठेवलं, मी माती लोटली. मान वर केली आणि – कसं सांगू – समोरचा बांबू न् बांबू पक्ष्यांनी भरलेला. कावळे, बगळे, समुद्रावरचे कुरव, घारी... आणि घारीला खेटून चिमण्या! सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. त्यांच्या पायाखाली बोंबील लोंबतायत, पण एकाचीही चोच लागत नव्हती. आवाज फक्त लाटांचा.

आत्याने काठी हळूच खाली ठेवली. डोक्यावर पदर घेतला, हात जोडले.

"बसू दे त्यांना," एवढंच म्हणाली.

अंगावर काटा आला, पण भीती नव्हती. उलट आपण फार मोठ्या कुणासमोर उभे आहोत असं वाटून मी चपला काढल्या. पाच-सात मिनिटांनी सगळे एकदम उडाले.

पक्षी-निरीक्षण करणाऱ्या एका सरांना फोन केला. म्हणाले, "कावळा मेला की कावळे जमतात. पण घारीशेजारी चिमणी? फोटो आहे का?" नव्हता. मोबाईल खिशात होता, हात गेलाच नाही.

शेवटी मी – हो, मी – शाळेतल्या शिपायाबरोबर कासाजवळच्या एका पाड्यावर म्हाताऱ्या भगताकडे गेलो. त्याने तांदळाचे दाणे टाकले, बराच वेळ बघत बसला, मग गोळा करून ठेवले.

"माणसाचं विचार, सांगतो. पाखरांचं मला नाही कळत."

घरी येऊन आत्याला सांगितलं. ती चहा गाळत होती.

"तू तो मेला कसा हेच विचारत फिरतोस," ती म्हणाली. "अरे, तो पिंजऱ्याबाहेर कधी गेला नाही. मग त्यांना कळवलं कुणी?"

दोन वर्षं झाली. खरं सांगू? हल्ली मी उत्तर शोधतही नाही.