एक डोळा मिटणाऱ्या लेअरकाकू

लेअरकाकू कुठलीही गोष्ट तपासताना डावा डोळा मिटायच्या. माणूससुद्धा. मी पहिल्यांदा त्यांच्या बॅनरच्या दुकानात गेले तेव्हा माझ्या हातात आमच्या पाणी समितीचं पत्रक होतं, दोन्ही बाजूंनी गच्च भरलेलं. त्यांनी ते हातभर लांब धरलं, डोळा मिटला आणि म्हणाल्या, "तू रागावलेली आहेस एवढं कळलं. कशावर, ते लांबून दिसत नाही."

मला जाम राग आला. मानपाड्याच्या मागच्या आमच्या चार इमारतींत नळ आहेत, पाणी नाही. बायका टँकरमागे हंडे घेऊन धावतात, आणि ही बाई म्हणते दिसत नाही! पण त्यांचंही खरं होतं. मागच्या मोर्चाला अकरा माणसं आली होती आणि त्यातला एक पत्ता विचारायला थांबलेला. सोमवारच्या मोर्चाला पुन्हा तेवढीच आली असती, तर पाणीखात्याच्या कार्यालयातल्या साहेबांनी आमचं निवेदन शिपायाकडूनच घेतलं असतं. बॅनर लागायलाच हवा होता.

काकूंचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक संगणक आणि दोन स्टुलं. पूर्वी त्या रिक्षांच्या काचांवर रेडियमची नावं कापून लावायच्या. ब्लेडने अक्षराची कड कापायची, नको तेवढं नखाने सोलून काढायचं. डोळा मिटायची सवय तिथलीच. "ब्लेड गेलं, माऊस आला. सोलणं तेच," असं त्या म्हणायच्या.

लेअरबद्दल बोलायला लागल्या की त्यांना थांबवणं कठीण. समोर बिल्डर असो की बारशाची पत्रिका छापायला आलेली आजी, शिकवणी सगळ्यांना. मलाही झाली. "लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले कागद समज. सगळ्यात खाली तू आणलेला टँकरच्या रांगेचा फोटो. त्यावर पांढरा कागद, फोटो पूर्ण झाकणारा. आता त्या पांढऱ्याला अक्षरांच्या आकाराची भोकं पाडायची. काय होईल?"

"अक्षरांतून रांग दिसेल."

"शहाणी आहेस. म्हणून अक्षर जाड हवं आणि शब्द एकच हवा. फटीतून काय, मुंगी दाखवणार आहेस?"

त्यांनी पडद्यावर 'पाणी' एवढंच ठेवलं. खाली बारीक अक्षरांत वार, वेळ, जागा. मी ओरडलेच, "काकू, आमच्या सात मागण्या? टँकरवाल्यांचं साटंलोटं? मी चार दिवस बसून लिहिलंय ते!"

"अगं, पुसलं कुठे? पुसायचं नसतं काही. डोळा मिटायचा." प्रत्येक लेअरच्या शेजारी पडद्यावर एक छोटासा डोळा काढलेला असतो. त्यावर टिचकी मारली की लेअर दिसेनासा होतो, फाईलमध्ये मात्र राहतो. माझ्या सात मागण्या त्यांनी अशाच दिसेनाशा केल्या. मी त्यांच्याशी धड न बोलता घरी गेले.

आमच्या समितीचे अध्यक्ष अप्पा दुसऱ्या दिवशी स्वतः बॅनर बघायला आले. आमच्याकडे वाढदिवसाच्या शुभेच्छांनी चौक झाकून टाकतात, वळणावर समोरची रिक्षा दिसत नाही. अप्पांना त्याच चालीचं काहीतरी हवं होतं. "वहिनी, सदस्यांचे फोटो? निदान माझा?"

काकूंनी डोळा मिटून अप्पांकडे पाहिलं आणि खालचा फोटो हळूच सरकवला. शब्द जागेवर राहिला, आतली रांग हलली. "आहात की. 'पा'च्या कान्यात बघा."

कान्यात अप्पा होते. बनियनवर, हातात बादली, तोंड उघडं.

"अहो, हे काय! लोक हसतील!"

"हसायला तरी येतील ना, अप्पा?"

बॅनर लागला आणि संध्याकाळी त्याच्याखाली बायका जमल्या. अक्षरांतून कुणाचा अर्धा पदर दिसत होता, कुणाचा नुसता हंडा. "अगं, 'णी'त माझी कळशी! पोचा आलाय तो बघ!" "मग मी कुठाय? मी हिच्या मागेच होते की!" जी सापडली तिने जी सापडली नाही तिला चिडवलं, आणि सोमवारी दोघी आल्या. कार्यालयाचं फाटक अडेल एवढी गर्दी झाली. साहेब खाली उतरले. अप्पा बॅनरखाली उभे राहून, काना दिसेल अशा बेताने, फोटो काढून घेत होते.

पाणी आलं, एक दिवसाआड. ते काय मेहेरबानी नाही, उरलेल्या दिवसासाठी आम्ही अजून भांडतोय.

काकू मात्र गेल्या वर्षी दुकान बंद करून टिटवाळ्याला मुलाकडे राहायला गेल्या. जाताना एक पेनड्राईव्ह माझ्या हातावर ठेवला. "तुमचे बॅनर आहेत. आता तूच सोल." जिन्याखाली आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

परवा नव्या बॅनरसाठी ती जुनी फाईल उघडली. प्रत्येक लेअरला काकूंनी नाव दिलेलं: 'रांग', 'पांढरा', 'भोकं'. सगळ्यात वर, डोळा मिटलेला, एक होता: 'पोरीचं म्हणणं'.

मी टिचकी मारली. सातही मागण्या, साटंलोटं, माझी सगळी उद्गारचिन्हं पडद्यावर धावून आली. खाली 'पाणी' कुठे दिसेना. मी सगळं वाचलं. शब्द न् शब्द खरा होता, आजही आहे. मग खुर्ची मागे सरकवली, डावा डोळा मिटून एकदा लांबून पाहिलं, आणि तो लेअर बंद केला.

पुसला नाही.