जीव, दहापैकी पाच

वाल्मिकला कुणी ‘बरोबर आहे’ म्हटलं तरी तो विचारायचा, “खरंच ना?” असा हा माणूस. वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. खोक्याला चिकटपट्टी मारून झाली की पुन्हा उघडून बघायचा, सगळं आत आहे ना म्हणून. अशा माणसाला परीक्षक करू नये. पण केला, आणि कुणी केला? त्याने स्वतःच! कारण ‘मातीचे किल्लेकर’ हा मोबाईलवरचा ग्रुप त्यानेच काढलेला.

दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले करायची हौस केस पांढरे झाले तरी ज्यांची सुटली नाही, अशी सगळी मंडळी या ग्रुपवर जमलेली. शहापूर, मुरबाड, पार कल्याण-बदलापूरपर्यंतची. थर्माकोल चालणार नाही, प्लास्टर चालणार नाही, बाजारातला तयार बुरूज दिसला तर सरळ बाहेर. माती, दगड, खापऱ्या आणि वर नाचणीचे कोवळे कोंब, बस्स. दिवाळीला सगळ्यांनी फोटो पाठवायचे आणि वाल्मिकने मार्क द्यायचे. उताराला, तटाला, पायऱ्यांना. आणि शेवटचे दहा मार्क ‘जीव’ या नावाने. किल्ल्यात जीव आहे का नाही, एवढंच बघायचं. हे दहा मार्क कशावर देतो ते वाल्मिकलाही धड सांगता येत नसे, पण निकाल दर वर्षी तिथेच फिरायचा.

पैसाबिसा काही नाही. पहिला येईल तो वर्षभराचा किल्लेदार. दिवाळीनंतरच्या रविवारी अख्खा ग्रुप किल्लेदाराच्या गावी जाणार आणि तो सांगेल तसा मोठा किल्ला सगळे मिळून बांधणार. किल्लेदाराने नुसतं बोट दाखवायचं, बाकीच्यांनी घमेली उचलायची. या मानासाठी घरात पाण्याचा तांब्या न उचलणारे बाप्ये कोपरापर्यंत चिखलात हात घालत!

गेल्या वर्षी घोळ झाला. पहिला आला हरेश, आणि हरेश पडला वाल्मिकचा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ. किल्ला चांगलाच होता, पण ऐकतंय कोण? ‘घरच्या घरात किल्लेदारी’, ‘पुढच्या वर्षी सासऱ्यांचा नंबर’, असलं एकेक यायला लागलं. काही जण तर ग्रुप सोडून गेले. वाल्मिकला ताप भरायचाच बाकी राहिला होता. त्या दिवसापासून त्याचा जीव काही थाऱ्यावर नव्हता.

म्हणून यंदा त्याने आसनगावच्या अमोलला मध्ये घातलं. अमोलचं मोबाईलचं दुकान, त्याला असले उद्योग जमतात. फोटो अमोलकडे जायचे, त्याने नावं काढून नुसते नंबर टाकायचे, वाल्मिकने मार्क ग्रुपवर टाकायचे आणि मगच अमोलने नावं सांगायची.

“आता तरी झालं ना समाधान?” त्याची बायको स्नेहल म्हणाली.

“झालं,” वाल्मिक म्हणाला. झालं कसलं डोंबल! यंदा त्याची पोर किल्ला करणार होती.

मनस्वी नववीत. चालायला लागली तेव्हापासून बापाबरोबर चिखलात. यंदा शाळेला सुट्टी लागली तशी ती हरेशमामाकडे निघून गेली, मुरबाडच्या पलीकडे. जाताना म्हणाली, “बाबा, मी एकटीच करणार. कुठला किल्ला ते फोन करून विचारायचं नाय. मला खरे मार्क पायजेत.”

पाडव्याला ओवाळून झालं, जेवण झालं, आणि वाल्मिक मोबाईल घेऊन गच्चीवर जाऊन बसला. एकेक किल्ला बघत सात नंबरवर आला आणि त्याचा अंगठा जागीच थांबला.

सिद्धगड होता. माचीवर मातीची इवली इवली घरं. एका घरापुढे चूल. पाण्याच्या टाक्याकडून एक बाई हंडा घेऊन वर येतेय, आणि तिच्या मागे मागे कुत्रं. “अरे वा रे वा!” वाल्मिक एकटाच ओरडला. जीवाला त्याने नऊ मार्क लिहूनही टाकले. मग पायऱ्या बघायला फोटो मोठा केला, आणि मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

पायऱ्या विळ्याच्या होत्या! भातकापणीचा दातेरी विळा ओल्या उतारावर दाबला की वळत जाणारी बारीक पायऱ्यांची वाट उमटते. ही युक्ती वाल्मिकच्या वडिलांची. शेणवे गावच्या घराच्या अंगणात देवरामबुवांनी ती वाल्मिकला शिकवली आणि वाल्मिकने मनस्वीला. ग्रुपवर बाकी सगळं सांगितलं, पण एवढं एक त्याने घरचं म्हणून राखून ठेवलं होतं. त्यात सिद्धगड तर हरेशच्या अंगणातून समोर दिसतो. आता शंकेला जागा कुठे राहिली?

आधी त्याची छाती भरून आली. माझी पोर! एवढ्याशा वयात काय नजर! आणि पुढच्याच क्षणी त्याला ग्रुप आठवला. गेल्या साली मेहुणा, यंदा मुलगी. नंबर टाका नाहीतर गुप्त ठेवा, लोक काय म्हणायचे ते म्हणणारच.

तो उठला, बसला, पुन्हा उठला. गच्चीवर येरझाऱ्या घातल्या. नऊचे आठ केले. मग त्याला बाईच्या मानाने हंडा मोठा वाटायला लागला, आठाचे सात झाले. कुत्र्याचं शेपूट जाड. नाचणी जरा जास्तच वाढलेली. खोट काढायलाच बसलं, तर देवाच्या मूर्तीतही निघते! शेवटी त्याने ‘जीव, दहापैकी पाच’ लिहिलं आणि मोबाईल पालथा ठेवला. सात नंबर तिसरा गेला. पहिला आला अकरा नंबरचा, आसनगावजवळचा माहुली गड. खापऱ्यांचे सुळके उभे केलेले, सफाईदार काम. असेल कुणीतरी आसनगावचा, असं म्हणून त्याने तो विषय संपवला.

भाऊबीजेला सकाळी निकाल ग्रुपवर टाकला, मोबाईल खिशात कोंबला आणि स्नेहलला मागे बसवून बाइक काढली. रस्ताभर खिशात मोबाईल गुरगुरत होता.

“अहो, बघा तरी काय ते,” स्नेहल म्हणाली.

“गाडी चालवतोय ना मी!” तो खेकसला. खरं म्हणजे त्याची हिंमत होत नव्हती. पोरीला काय सांगायचं, हेच तो मनात घोकत होता. तिसरा म्हणजे काय वाईट? पहिल्याच वर्षी तिसरा! पुढच्या वर्षी बघू. आपलं बोलणं आपल्यालाच पटत नसलं की रस्ता फार लांबतो.

हरेशच्या अंगणात गाडी लावली. मनस्वी धावत आली आणि त्याच्या गळ्यातच पडली. “बाबा! पहिली! मी पहिली!”

वाल्मिकने तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. अंगणाच्या कोपऱ्यात माहुली उभा होता. तेच खापऱ्यांचे सुळके.

“हा तुझा?” त्याने विचारलं.

“मंग कोणाचा? मामाकडं राहून आपल्याकडचा गड केला. कळलंच नाय ना तुला?”

“आणि सिद्धगड? सात नंबर?”

“तो गडाखालच्या वाडीतल्या गिरजाचा,” पेढ्याचा पुडा घेऊन आलेला हरेश म्हणाला. “यंदाच ग्रुपवर आली ती. काय झ्याक केलाय रे! तिसरा कसा काय दिलास तिला?”

“पण त्या पायऱ्या... विळ्याच्या...”

हरेश हसला. “आमच्या बाजूला बायका विळ्यानंच करतात पायऱ्या. कापणीच्या दिसांत हातात दुसरं असतंय काय?”

वाल्मिक ओट्यावर टेकला. घरची युक्ती म्हणे! अख्ख्या मुलखाची युक्ती, आणि हा शहाणा ती देवरामबुवांच्या नावावर लावून बसला होता. जिला कधी पाहिलंही नाही, तिचे मार्क त्याने कापले होते, आणि ते कापल्यामुळे स्वतःचीच पोर किल्लेदार झाली होती. त्याने तिघांना सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता.

“गप बस ना,” हरेश हळूच म्हणाला. “कोणाला कळतंय!”

मनस्वीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. “बाबा, तिला खरे किती होते जीवाला?”

“नऊ.”

“म्हणजे पहिली ती.”

“हो गो.”

“न् मी?”

“दुसरी. पण ती अगदी खरी दुसरी, बाळा. तुझ्या नंबरला मी कायपण केलं नाय.”

ती माहुलीजवळ जाऊन बसली. एका सुळक्याची खापरी कलली होती, ती सरळ केली. मग म्हणाली, “टाक ग्रुपवर.”

वाल्मिकने तिथेच लिहिलं: ‘सात नंबरचा किल्ला मला माझ्या मुलीचा वाटला, म्हणून मी मार्क कापले. चूक माझी. यंदाच्या किल्लेदार गिरजाताई. मनस्वी दुसरी.’ पाठवलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला श्वास घेतल्यासारखं वाटलं. पोर रडली नाही, रुसली नाही. सुटलो, असंच त्याला वाटलं.

“विळा मी मुद्दाम वापरला नाय,” मनस्वी म्हणाली. तिचं तोंड किल्ल्याकडेच होतं. “वापरला असता तर तुला कळलं असतं माझा आहे ते. मंग तू कापले असते.”

“नाय गो, मी काय तुझे...” म्हणता म्हणता वाल्मिकची नजर हातातल्या मोबाईलवर गेली. आत्ताच तर स्वतःच्या हाताने लिहून पाठवलं होतं त्याने!

“आजोबांच्या पायऱ्या करायच्या होत्या मला,” ती म्हणाली. “लय मन होतं.”

मोबाईल त्याच्या हातात गुरगुरायला लागला. ग्रुप पेटला होता. कुणी शिव्या घालत होतं, कुणी दुसरा परीक्षक मागत होतं, कुणी ग्रुप सोडून चाललं होतं. एरवी यातल्या एकेका शब्दाने त्याची झोप उडाली असती. आज काही लागलं नाही. लागायचं ते लागून गेलं होतं.