नारळाच्या भीतीने घेतलेला बॅकअप

बुटीबोरीच्या आमच्या कापड गिरणीत एक जुना संगणक आहे. लहान फ्रिजएवढा देह, काळा पडदा, हिरवी अक्षरे. खंडेनवमीला आम्ही तो बंद करून पूजतो आणि नारळ मी फोडतो. हा मान मी कोणाला देत नाही.

संगणक सांभाळणारी माझी सहकारी तेव्हा दाराशी हाताची घडी घालून उभी असते. पूजा तिच्या घरची रीत नव्हे; दसऱ्याला तिच्याकडे दीक्षाभूमीवर आलेल्या पाहुण्यांची गर्दी. पण नारळाआधी ती अख्ख्या मशीनचा बॅकअप टेपवर घेते, छापायला थांबलेल्या कागदांसकट.

"मॅडम, रोजचा बॅकअप असतो ना?" मी छेडले.

"रोजच्यात हे छापायचे कागद येत नाहीत. अन् तुमचा नेम पाह्यला भाऊ मी. नारळाचं पाणी मशीनमध्ये गेलं, की रडत माझ्याकडंच येसान."

मी इतका मोठ्याने हसलो, की गुरुजी मंत्र विसरले.

दिवाळीनंतर रंगाईचे मास्तर धापा टाकत आम्हा दोघांकडे आले. खंडेनवमीआधी रंगवलेल्या एका निळ्या कापडाचा अर्धा माल गिऱ्हाइकाकडे गेला होता. उरलेला हुबेहूब त्याच निळ्यात रंगवायचा होता. कोणता रंग किती घातला, हे लॉट संपला की आमचा संगणक पुसून टाकतो. मागे राहते ती फक्त छापायला थांबलेली प्रत. मास्तरांची निवृत्ती तोंडावर आलेली. निळा जुळला नाही, तर जन्मभर कमावलेले नाव जाता जाता बुडणार.

"मग प्रिंट काढा की," मी म्हणालो.

"काढालेच गेलो होतो ना! चार कॉप्या पाहिजे होत्या मले, म्हणून नावासमोर चार टाकलं."

आमच्या मशीनवर यादीतल्या नावासमोर चार टाकले, की ती प्रत कायमची पुसली जाते.

"अहो, पण 'नक्की का' असं विचारते ना मशीन?"

"विचारलं ना! मी म्हटलं, हो बाप्पा, नक्की चारच!"

मला हसू फुटणार होते, पण मास्तरांची निवृत्ती आठवून मी ते गिळले. माझी सहकारी सरळ कपाटाकडे वळली. त्यातून खंडेनवमीची टेप काढली. पूजेच्या भरात मी त्या टेपलाही कुंकू लावून ठेवले होते. आजच्या कामाला धक्का लागू नये म्हणून तिने टेपवरच्या जुन्या प्रती संगणकाच्या वेगळ्या कोपऱ्यात उतरवल्या. आम्ही दोघे श्वास रोखून तिच्या मागे उभे. आणि पडद्यावर मास्तरांच्या निळ्याचे नाव उमटले! माझ्या नेमावर तिचा काडीचा विश्वास नाही, याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे.

"मास्तर, किती कॉप्या?" तिने विचारले.

मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. "एकच. अन् तूच काढ, माय."

नवा लॉट सुकल्यावर मास्तर दोन तुकडे घेऊन आले आणि खिडकीच्या उजेडात धरून गरजले, "ओळखा, नवा कोणता?"

मी नाटकी थाटात डोळे मिटले, बोट फिरवले आणि डाव्या तुकड्यावर ठेवले. मास्तरांनी तो उलटून पाहिला, दुसरा उलटून पाहिला, परत पहिला पाहिला. मग कपाळावर हात मारून खदखदून हसले.

"आता मलेच समजून नाही राहिलं!"